विश्लेषण : एटीव्हीचा क्लच वाजू लागला, तर आधी काय तपासायचे?

आवाज आला की क्लच सेट बदलायचा, ही सवय गाडीमालकाच्या खिशाला आणि स्वाराच्या सुरक्षिततेला, दोन्हींना महाग पडते. आवाज नेमका कधी येतो आणि कधी थांबतो हे आधी लिहून काढले, तर बरेचसे निदान गाडी न उघडताच होते.

पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या एटीव्ही दिवाळीच्या तोंडावर बाहेर निघतात. नागाव, काशीद, दिवेआगर अशा किनाऱ्यांवर पर्यटकांची गर्दी सुरू होते. पहिल्याच दिवशी एखादी गाडी सुटताना कर्कश किंचाळते, दुसरी उभ्या उभ्या खडखडते. गिऱ्हाईक रांगेत उभे असते. गाडी सांभाळणारा पोरगा मालकाला सांगतो, ‘शेठ, क्लच वाजतोय.’ मालक गॅरेजला फोन लावतो. गॅरेजवाला फोनवरच सांगतो, ‘क्लच सेट टाकावा लागेल.’ एवढे सगळे ठरेपर्यंत गाडीकडे नीट कान कोणीच दिलेला नसतो.

सेट बदलला जातो. कधी आवाज जातो, कधी दोन दिवसांनी पुन्हा येतो. कारण मूळ दोष बेल्टच्या कव्हरात शिरलेल्या वाळूत, वाढलेल्या आयडलिंगमध्ये किंवा एखाद्या बेअरिंगमध्ये असू शकतो. तो तसाच राहतो आणि नवा भागही लवकर झिजवतो. किनाऱ्यावर एटीव्ही चालवाव्यात की नाही, हा वेगळा वाद आहे. पण ज्या चालतात, त्यांच्या आवाजाचे निदान अंदाजाने होऊ नये.

प्रश्न इतका महत्त्वाचा का?

एटीव्ही म्हणजे ऑल टेरेन व्हेइकल. जाड, कमी हवेचे टायर, उंच बूड आणि मोटारसायकलसारखे हँडल. वाळू, चिखल, डोंगरवाट अशा ठिकाणी ती चालते. यातल्या बहुतेक गाड्यांना पायाने दाबायचा क्लच नसतो, अनेकींना हातानेही दाबायचा नसतो. रेस दिली की गाडी पुढे जाते, रेस सोडली की थांबते, एवढेच नवख्या पर्यटकाला सांगितलेले असते.

म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपासून तोडण्याचे काम पूर्णपणे त्या न दिसणाऱ्या क्लचवर सोपवलेले असते. तो सुटला नाही, तर रेस सोडल्यावरही गाडी पुढे ओढत राहते. उलट उतारावर बेल्ट तुटला, तर ताकद जातेच आणि इंजिनाचा रोधही जातो. मग गाडी फक्त ब्रेकच्या भरवशावर घरंगळते. असे बिघाड पुष्कळदा आधी आवाजातून कळतात. मात्र तो आवाज ‘थोडे दिवस चालेल’ म्हणून सोडून दिला, तर बिघाड उघड होतो तेव्हा गाडीवर कोणीतरी बसलेले असते.

एटीव्हीमध्ये ‘क्लच’ म्हणजे नेमके काय?

इथूनच गोंधळ सुरू होतो, कारण ‘क्लच’ या एका शब्दाखाली वेगवेगळ्या रचना येतात. ढोबळमानाने त्यांचे दोन गट करता येतात.

पहिला गट बेल्टचा. यात दोन पुल्या असतात आणि त्यांच्यामध्ये रबरी बेल्ट. पुढची पुली इंजिनाच्या क्रँकवर बसते. इंजिनाचा वेग वाढला की तिच्यातली वजने किंवा रोलर बाहेर सरकतात, पुलीच्या दोन तबकड्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. मागची पुली स्प्रिंगच्या जोरावर बेल्ट घट्ट धरून ठेवते आणि गरजेप्रमाणे उघडते. गिअर न बदलता वेगाचे प्रमाण आपोआप बदलत राहते. याला सीव्हीटी म्हणतात. मोठ्या एटीव्हींच्या जगात या दोन पुल्यांनाच प्रायमरी क्लच आणि सेकंडरी क्लच म्हणतात. काही गाड्यांत यांच्या जोडीला ऑइलमध्ये बुडालेला, शू असलेला वेगळा सेंट्रिफ्यूगल क्लचही असतो.

दुसरा गट गिअरच्या गाड्यांचा. यात क्लच इंजिन ऑइलमध्येच फिरतो. खेळाच्या गाड्यांत मोटारसायकलसारखा हाताने ओढायचा, अनेक प्लेटांचा क्लच असतो. कामाच्या गाड्यांत आणि लहान, ११० सीसीच्या आसपासच्या गाड्यांत सेंट्रिफ्यूगल क्लच असतो. इंजिनाचा वेग वाढला की त्याचे शू बाहेर फेकले जाऊन भोवतालच्या वाटीला चिकटतात, वेग उतरला की स्प्रिंग त्यांना आत ओढते. लहान गाड्यांत पुढे चाकापर्यंत साखळी असते.

त्यामुळे आवाजाबद्दल बोलण्याआधी पहिला प्रश्न एकच : ही गाडी बेल्टची की गिअरची? हे न विचारता ‘क्लच प्लेट गेली’ म्हणणारा मिस्त्री ज्या गाडीत प्लेटच नाहीत, तिच्यातही प्लेट शोधत बसतो.

स्कूटरशी याचे काय नाते?

बेल्टची रचना मराठी घराला नवी नाही. नेदरलँड्समधल्या डॅफ कंपनीने १९५८ मध्ये बेल्टवर चालणारी ‘व्हेरिओमॅटिक’ मोटार लोकांसमोर आणली. भारतात १९८४ मध्ये आलेल्या किनेटिक होंडाने हीच कल्पना स्कूटरमधून घराघरात पोहोचवली. आज रस्त्यावर दिसणारी बहुतेक प्रत्येक पेट्रोलची गिअरलेस स्कूटर याच तत्त्वावर चालते : पुढे रोलरचा व्हेरिएटर, मध्ये बेल्ट, मागे शू आणि वाटी.

म्हणून गावातला चांगला स्कूटर मिस्त्री एटीव्हीचा बेल्टही समजू शकतो. पण फरक लक्षात घ्यावा लागतो. स्कूटर डांबरी रस्त्यावर एक-दोन माणसे नेते. एटीव्ही मऊ वाळूत, कमी वेगात, जास्त ओझे ओढते. वेग कमी आणि भार जास्त असला की बेल्ट घसरतो, तापतो. बहुतेक बेल्टच्या एटीव्हींत हाय आणि लो असे दोन टप्पे असतात. वाळूत, चढावर किंवा ओढकामात लो वापरायचा असतो. भाड्याच्या गाड्यांवर मात्र अनेकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत हायच असतो आणि एका स्वाराच्या गाडीवर पोराबाळांसह तिघे बसलेले असतात. एक स्वार आणि लहान मुले नकोत, ही सूचना अशा बहुतेक गाड्यांवर छापलेली असते. ती मुख्यतः गाडी उलटू नये म्हणून असते. पण ती मोडल्याची झळ बेल्टलाही बसते.

कोणता आवाज नेहमीचा मानायचा?

प्रत्येक आवाज म्हणजे बिघाड नव्हे. पुढच्या पुलीतली वजने, रोलर आणि सरकपट्ट्या यांच्यात थोडी मोकळीक ठेवलेलीच असते. त्यामुळे इंजिन मंद चालू असताना हलकी किणकिण ऐकू येते आणि थोडी रेस दिली की थांबते. थंड इंजिनावर ऑइलमधल्या क्लचची किंचित खडखडही तशीच. बेल्टची गाडी वेगात असताना पंख्यासारखा घुंई आवाज येतो, कारण पुली स्वतःच्या थंडाव्यासाठी कव्हरातून हवा ओढत असते.

नेहमीचा आवाज कोणता हे त्या गाडीवर रोज बसणाऱ्यालाच कळते. त्यामुळे ‘असामान्य’ची खरी व्याख्या अशी : काल नव्हता आणि आज आहे, किंवा काल हलका होता आणि आज वाढला आहे. शेजारच्या दुसऱ्या कंपनीच्या गाडीशी तुलना करून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

निदानाची सुरुवात कुठून करायची?

पान्याआधी कागद घ्यावा. मराठीत आवाजांना नावे भरपूर आहेत आणि गॅरेजमध्ये ती चपखल वापरलीही जातात. खडखड, किणकिण, घरघर, खरखर, चिरचिर, ठकठक, फटफट यातला कोणता, हे लिहावे. त्यानंतर आवाज कोणत्या परिस्थितीत येतो ते लिहावे. प्रश्न साधे आहेत.

गाडी थंड असताना येतो की तापल्यावर? न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीवर येतो की गिअर टाकल्यावरच? फक्त सुटताना येतो की सतत? रेस देताना येतो की सोडताना? चढावर वाढतो का? हँडल पूर्ण वळवल्यावर येतो का? इंजिनाच्या वेगाबरोबर बदलतो की चाकांच्या वेगाबरोबर? पाण्यातून गेल्यानंतर सुरू झाला का? अलीकडे काही बदलले होते का, बेल्ट, ऑइल, टायर?

यातला न्यूट्रलचा प्रश्न फार मोलाचा आहे. बेल्टच्या गाडीत गिअरबॉक्स मागच्या पुलीच्या पुढे असतो. त्यामुळे न्यूट्रलमध्ये रेस दिली की दोन्ही पुल्या आणि बेल्ट फिरतात, पण भार नसतो. आवाज तेव्हाही येत असेल, तर दोष इंजिन, पुल्या, बेल्ट किंवा त्यांच्या बेअरिंगांत शोधायचा. न्यूट्रलमध्ये शांत असलेली गाडी भार आल्यावरच वाजत असेल, तर बेल्ट घसरणे, गिअरबॉक्स, शाफ्ट किंवा चाकांकडचे सांधे पाहायचे. दोन मिनिटांच्या या चाचणीत अर्धी गाडी संशयातून बाहेर पडते.

इथे हातातला मोबाइल उपयोगी पडतो. मंद इंजिनावर, न्यूट्रलमध्ये रेस देऊन आणि गाडी चालवून असे तीन छोटे आवाज टिपून ठेवावेत. मोबाइलचा माइक आवाजाचा पोत हुबेहूब पकडत नाही, पण तो कधी सुरू झाला आणि कधी थांबला हे नक्की पकडतो. दुरुस्तीनंतर तुलना करायलाही तेच कामी येते.

बेल्टच्या गाडीत कोणता आवाज काय सांगतो?

सुटताना कर्कश किंचाळी : बहुतेक वेळा बेल्ट घसरतो आहे. बेल्टच्या कडा तापून काचेसारख्या चकचकीत झालेल्या असतात, किंवा त्यावर पाणी, ग्रीस, ऑइल लागलेले असते. पाणी असेल तर कव्हराच्या खालचे पाणी काढायचे बूच उघडून, न्यूट्रलमध्ये थोडी थोडी रेस देऊन बेल्ट सुकवता येतो. ऑइल असेल तर बेल्ट पुसून भागत नाही. ते कुठून आले हे शोधावे लागते, बहुधा क्रँकच्या ऑइल सीलमधून. जिथे शूचा क्लच वेगळा असतो, तिथे झिजलेले किंवा चकचकीत झालेले शूही अशीच तक्रार देतात.

सुटताना ठराविक अंतराने ठक-ठक आणि धक्के : बेल्ट एका जागी खाल्ला गेला आहे. गाडी वाळूत रुतलेली असताना किंवा हँडब्रेक ओढलेला असताना रेस दिली, तर पुली बेल्टच्या एकाच ठिकाणी घासत राहते. तिथे बेल्ट अरुंद होतो. मग तो भाग पुलीवर आला की दर फेरीला एक ठोका बसतो. असा बेल्ट पुन्हा नीट होत नाही, तो बदलावाच लागतो. गाडी मात्र ढकलून बाहेर काढायला हवी होती, हेही सांभाळणाऱ्याला सांगावे लागते.

मंद इंजिनावर जोरात खडखड, रेस दिल्यावर बंद : पुढच्या पुलीतल्या प्लास्टिकच्या सरकपट्ट्या, बुश किंवा रोलर झिजले असण्याची शक्यता मोठी. रोलर एका बाजूने चपटे झाले, तर आवाजाबरोबर पिकअपही अडखळतो. मात्र उघडण्याआधी आयडलिंग तपासावे. ते ठरल्यापेक्षा कमी असेल तर इंजिन झटके देत फिरते आणि चांगली पुलीही खडखडते.

गिअर टाकताना खाट असा आवाज : इथे दोष पुष्कळदा क्लचच्या झिजेत नसून वाढलेल्या आयडलिंगमध्ये असतो. गाडी उभी असतानाही मागची पुली फिरत राहते आणि फिरत्या दात्यांत गिअर घुसवला जातो. आयडलिंग बरोबर असूनही पुली फिरत असेल, तर पुढची पुली किंवा शू अडकले आहेत का ते पाहावे. हा आवाज दुर्लक्षिला तर नुकसान गिअरबॉक्सचे होते, आणि ते काम सगळ्यात खर्चिक.

वेगात फटफट : बेल्टचे धागे सुटले असतील किंवा आतले दाते तुटले असतील आणि ते कव्हरावर आपटत असतील. गाडी तिथेच थांबवावी. बेल्ट तुटला तर त्याचे धागे शाफ्टभोवती पुलीच्या मागे गुंडाळले जातात आणि सील कापतात. म्हणून तुटलेल्या बेल्टनंतर नुसता नवा बेल्ट चढवणे पुरेसे नसते. जुन्याचा प्रत्येक तुकडा बाहेर काढावा लागतो.

वेगाबरोबर वाढणारी घरघर : ही बेअरिंगची खूण. न्यूट्रलमध्येही ती येते आणि रेसबरोबर चढते. काही गाड्यांत उतारावर इंजिनाचा रोध मिळावा म्हणून एकाच दिशेने फिरणारे खास बेअरिंग असते. ते खराब झाले की रेस सोडल्यावर किंचाळी येते. बेअरिंगची घरघर घेऊन गाडी चालवत राहणे धोक्याचे.

पावसाळ्यानंतरची खरखर : किनाऱ्यावरच्या गाड्यांचा हा खास आजार. तीन-चार महिने उभ्या गाडीत खारट, दमट हवेने पुलीच्या तबकड्यांवर गंज चढतो. पहिल्या फेऱ्यांत बेल्ट त्यावर घासतो आणि खरखरतो. ‘चालून चालून जाईल’ म्हणतात, पण तो गंज बेल्टच्या कडांना खात जातो. हंगामाआधी कव्हर उघडून तबकड्या साफ केल्या, तर एवढा प्रश्न उरत नाही.

ऑइलमधल्या क्लचचा आवाज वेगळा कसा?

हाताच्या क्लचच्या गाडीत एक चाचणी पुरेशी बोलकी असते. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. लिव्हर सोडलेले असताना खडखड येते आणि लिव्हर ओढल्यावर थांबते, तर क्लचची बास्केट सैल झालेली असू शकते किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचे बेअरिंग झिजलेले असू शकते. उलट लिव्हर ओढल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर प्लेटा सोडवणारे रिलीज बेअरिंग आणि त्याची दांडी पाहावी.

गाडी सोडताना थरथर आणि किंचाळी येत असेल, तर आधी ऑइल तपासावे. किती आहे, जळके आहे का आणि कोणते आहे. मोटारीसाठीच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला ती मानवत नाहीत, प्लेटा घसरू लागतात. अशा क्लचसाठी डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहावी. घसरणाऱ्या क्लचमध्ये कधीकधी बदलायचे असते ते फक्त ऑइल, आणि तेवढ्याने भागते का हे पाहायला फारसा खर्च येत नाही.

सेंट्रिफ्यूगल क्लचमध्ये शूची स्प्रिंग तुटली किंवा ढिली पडली, तर मंद इंजिनावरच शू वाटीला घासतात. खरखर येते आणि गाडी रेस न देता पुढे सरकू पाहते. पर्यटकांच्या गाडीत हे लक्षण सर्वांत गंभीर समजावे.

क्लचचा वाटणारा, पण क्लचचा नसलेला आवाज कोणता?

अशी फसवणूक वारंवार होते. हँडल वळवल्यावर टक-टक येत असेल तर चाकाकडच्या एक्सलचा सांधा पाहावा, विशेषतः त्यावरचे रबरी बूट फाटलेले असेल तर. लहान गाड्यांत ढिली साखळी गार्डवर आपटते आणि तो आवाज नेमका क्लचच्या बाजूने येतो असे वाटते. इंजिनाखालच्या पत्र्यात अडकलेला दगड, सुटलेला कव्हरचा बोल्ट, सायलेन्सरचा हलणारा पत्रा हेही क्लचच्या नावाने ओळखले जातात. म्हणून कोणतेही कव्हर उघडण्याआधी सगळ्या बाहेरच्या बोल्टांवर पाना फिरवावा, साखळीचा ताण पाहावा आणि गाडी जॅकवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, चाके हाताने फिरवावीत.

कव्हर उघडल्यावर काय पाहायचे?

मूळ जागा शोधायला जुनी युक्ती आजही चालते. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक बंद कव्हरवर ठेवून मूठ कानाच्या हाडाला लावायची. टोक हलवत गेले की आवाज कुठे मोठा होतो ते कळते. गॅरेजसाठी मिळणारा स्टेथोस्कोप हेच काम अधिक सुरक्षितपणे करतो. मात्र कव्हर काढून इंजिन चालवणे टाळावे. पुली मिनिटाला हजारो फेरे घेते. बोट, बाही, ओढणी, हातातले कडे, काहीही क्षणात ओढले जाते आणि तुटलेला बेल्ट गोळीसारखा बाहेर येतो.

इंजिन थंड करून कव्हर उघडल्यावर आधी वास घ्यावा, मग नजर फिरवावी. जळक्या रबराचा वास आणि काळी पूड म्हणजे बेल्ट घसरत होता. ओल असेल तर पाणी आले कुठून ते शोधावे : फाटलेले गॅस्केट, निसटलेला हवेचा पाइप की न लावलेले बूच. वाळू दिसली तर हवा घेणारा मार्ग तपासावा. बेल्टची रुंदी व्हर्निअरने मोजून गाडीच्या पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहावी, ‘दिसायला बरा आहे’ हे माप नव्हे. तबकड्यांवर नखाला लागणारी चर आहे का, रोलर चपटे झालेत का, मागच्या पुलीतले सरकणारे तुकडे झिजलेत का, शाफ्टला खेळ आहे का, हे क्रमाने पाहावे.

परत बसवतानाच्या चुकाही नवे आवाज तयार करतात. बेल्टवरचा बाण फिरण्याच्या दिशेनेच हवा. तबकड्यांवर बोटांचे तेल किंवा ग्रीस राहता कामा नये. पुली काढायला तिचाच पुलर वापरावा, हातोडीने ती काढली की तोल बिघडतो. बोल्ट टॉर्क रेंचने, पुस्तकात दिलेल्या मापानेच आवळावेत.

मग सरसकट सेट बदलण्यात चूक काय?

गॅरेजवाल्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. हंगामात मालकाला गाडी संध्याकाळपर्यंत हवी असते. आवाज शोधण्यात गेलेल्या तासाचे पैसे द्यायला कोणी तयार नसते, पण बदललेल्या भागाचे बिल मुकाट भरले जाते. मग मिस्त्री शोधण्यापेक्षा बदलणे पसंत करतो, यात त्याचा एकट्याचा दोष नाही. शिवाय बेल्टच्या गाडीत बेल्ट, रोलर आणि सरकपट्ट्या एकत्र बदलणे कधीकधी योग्यही असते, कारण कव्हर एकदाच उघडावे लागते.

पण ‘कारण कळले म्हणून बदलले’ आणि ‘कारण कळले नाही म्हणून बदलले’ यांत मोठा फरक आहे. ऑइल सील गळत असताना नवा बेल्ट चढवला, तर तोही थोड्याच दिवसांत भिजतो. आयडलिंग वाढलेले असताना नवा क्लच टाकला, तर गिअर तसाच खाट वाजत राहतो. दुसरे नुकसान जास्त गंभीर आहे. नवे भाग बसले की काही काळ आवाज दबतो आणि मालकाला गाडी सुधारली असे वाटते. इशारा बंद झालेला असतो, कारण मात्र आतच असते.

म्हणून शोधण्याची मजुरी वेगळी द्यावी आणि मिस्त्रीने ती वेगळी मागावी, हे दोघांच्याही हिताचे आहे. जुने भाग परत मागून घेणे हाही साधा उपाय. चपटा रोलर किंवा चकचकीत बेल्ट हातात घेतला की कारण खरे होते की नाही, हे मालकाला स्वतः पाहता येते.

गाडी लगेच कधी थांबवायची?

पाच लक्षणांत ‘एवढी फेरी होऊ दे’ म्हणू नये. रेस सोडल्यावरही गाडी ओढत असेल. कव्हरावर फटफट आपटत असेल. जळक्या रबराचा वास किंवा धूर येत असेल. घरघर इंजिनाच्या वेगाबरोबर चढत असेल. किंवा एखादा आवाज अचानक मोठा झाला असेल, आणि अचानक पूर्ण थांबला असेल तरीही. शेवटचे लक्षण फसवे असते, कारण मोडून पडलेला भागही वाजायचा थांबतो.

अशा वेळी गाडी बाजूला घेऊन चावी काढून ठेवावी. सांभाळणाऱ्या पोराला हा अधिकार मालकाने आधीच, शब्दांत, दिलेला असला पाहिजे. गर्दीच्या दिवशी एक गाडी बंद ठेवणे म्हणजे रोजगाराचा फटका, हे खरे. म्हणूनच हा निर्णय त्या क्षणी त्याच्या हिमतीवर सोडता येत नाही.

काय बदलायला हवे?

अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. होंडाने १९७० मध्ये तिथे तीन चाकांची एटीव्ही आणली आणि ती लोकप्रिय झाली. अपघातांमुळे १९८८ मध्ये ग्राहक सुरक्षा यंत्रणेशी झालेल्या तडजोडीत कंपन्यांनी तीन चाकी गाड्यांची विक्री थांबवली आणि स्वारांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी घेतली. यंत्र खेळाचे असले, तरी त्याची शिस्त खेळाची नसते, एवढे त्यातून घेता येते.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. आयोजकांनी नोंदणी करावी आणि सुरक्षेचे नियम पाळावेत, हा त्याचा हेतू. त्या हेतूला धरून भाड्याच्या प्रत्येक एटीव्हीसोबत एक साधी वही बंधनकारक करायला हरकत नाही : तारीख, चाललेले तास, ऐकू आलेला आवाज, तो कधी आला, काय तपासले, काय बदलले आणि कोणी. तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याला हेल्मेट मोजता येतात, क्लच उघडून पाहता येत नाही. वही मात्र वाचता येते.

ज्ञानाची कमतरता नाही. २००७ पासून होणाऱ्या ‘बाहा’ स्पर्धेसाठी महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी दरवर्षी अशाच कच्च्या रस्त्याच्या गाड्या स्वतः बांधतात. त्यातल्या अनेक गाड्या बेल्टच्या असतात आणि पुलीची वजने, स्प्रिंग बदलून चाचण्या घेण्यात त्यांचे महिने जातात. हंगामाआधी या मुलांचे आणि किनाऱ्यावरच्या मिस्त्रींचे एक दिवसाचे शिबिर झाले, तर दोघांनाही शिकण्यासारखे आहे. एकाकडे मापे आहेत, दुसऱ्याकडे कान.

तोवर मालकाने करायची गोष्ट सोपी आहे. पुढच्या वेळी ‘क्लच वाजतोय’ असे कोणी म्हणाले, की गॅरेजला फोन लावण्याआधी विचारावे : कधी वाजतो? उभी असताना की चालताना? रेस दिल्यावर की सोडल्यावर? उत्तर येईपर्यंत त्या गाडीवर कोणाला बसवू नये.